बी-१२ ची गोळी सुरू करताय? आधी हे वाचा

दुकानाचं शटर वर केलं की तासाभरात एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “दादा, जरा ताकदीची गोळी द्या. अंगात त्राणच राहिलं नाही.” सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेडिकल चालवतो. अशी गोळी मागणारे आता म्हातारेच असतात असं नाही. कॉलेजची पोरं असतात, रात्रपाळी करणारे असतात, बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून आलेल्या बायका असतात. बहुतेकांना बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हवी असते. कुणीतरी सांगितलेलं असतं, “बी-१२ घे, फरक पडतो.”

फरक पडतो हे खरं. मात्र ज्याच्या अंगात ते कमी आहे त्यालाच पडतो, आणि तोही योग्य मात्रा पोटात गेली तरच. हे मी पुस्तकात शिकलो होतो, पण पटलं ते घरात. माझी आई दोन वर्षं माझ्याच दुकानातली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेत होती. मीच आणून देत होतो. एके दिवशी ती विठ्ठलाच्या देवळात गेली, आणि पायरीपाशी चप्पल काढायला वाकली तेव्हा तिला दिसलं की एका पायात चप्पलच नाही. ती वाटेत कुठेतरी निसटली होती आणि पायाला कळलंच नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जायचा, म्हणून ती एक हात भिंतीला लावून ठेवायची. आम्हाला वाटायचं, वय झालं. रक्त तपासलं तर बी-१२ आलं ९६. २०० च्या खाली म्हणजे कमतरता.

म्हणून नव्याने गोळी सुरू करणाऱ्याला जे काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहितोय.

हे जीवनसत्त्व करतं काय

‘बी’ हे एक जीवनसत्त्व नाही, आठ जणांचं कुटुंब आहे. थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, पँटोथेनिक आम्ल, बी-६, बायोटिन, फॉलिक आम्ल आणि बी-१२. यातल्या कुणातही स्वतःची शक्ती नसते. शक्ती येते भाकरीतून, भातातून, तेलातुपातून. चुलीत लाकडं असतात तसं अन्न, आणि फुंकणीसारखी ही जीवनसत्त्वं. फुंकणीच नसेल तर लाकडं धुमसत राहतात. पण चूल ढणढण पेटलेली असताना आणखी दहा फुंकण्या आणून उपयोग नाही. ज्याचं बी-१२ चांगलं आहे त्याने वरून गोळी घेतली तर त्याला जास्त ताकद येत नाही. त्याचा थकवा झोपेचा असेल, थायरॉइडचा असेल, लोहाच्या कमतरतेचा असेल, साखरेचा असेल. तो तिथेच शोधायला हवा.

आठातले सात जण आपल्या रोजच्या ताटात कुठे ना कुठे भेटतात. ज्वारी-बाजरी, डाळी, शेंगदाणे, पालेभाजी, मोडाची कडधान्यं. बी-१२ चं मात्र वेगळं आहे. ते ना झाड तयार करतं ना प्राणी, ते फक्त सूक्ष्म जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून ते मटण, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. बांगडा आणि तारली यांत भरपूर असतं, कलेजीत सगळ्यात जास्त. कोकणात ज्याच्या ताटात रोज मासळी आहे त्याला सहसा चिंता नसते. भाजीपाल्यात ते नसतं. इडली-डोसा आंबवल्याने पुरेसं तयार होत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या डब्यावर बी-१२ लिहिलेलं असलं तरी त्यात जे असतं ते बहुतांशी नुसतं त्याच्यासारखं दिसणारं द्रव्य, आपल्या शरीराच्या कामाचं नाही.

तुम्हाला गरज असण्याची शक्यता किती

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळवायचं तर रोज दोन मोठे पेले दूध किंवा तेवढं दही हवं. आता स्वतःच्या घरात बघा. दूध चहात किती आणि पेल्यात किती? पेला बहुतेक वेळा नातवंडांना जातो. घरातल्या बाईच्या वाट्याला दिवसभरात चार कप चहातलं चार-चार चमचे दूध येतं, आणि तेही पुन्हा पुन्हा उकळलेलं. उकळल्याने त्यातलं काही बी-१२ कमी होतं.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००६ साली त्यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट त्यात होते. सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. पैसा आणि अन्न कमी असणाऱ्यांचाच हा प्रश्न आहे, असा समज त्यातून गळून पडतो.

आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो कित्येक वर्षं पुरतो. त्यामुळे माणूस माळ घालतो, मटण-मासे सोडतो, आणि पहिली तीन-चार वर्षं त्याला काहीच होत नाही. मग हळूहळू पायांना मुंग्या यायला लागतात. तेव्हा माळ घातल्याशी त्याचा संबंध कुणाच्याही डोक्यात येत नाही. माळ सोडा असं मी म्हणत नाही. माझी आई माळकरीच आहे आणि राहील. माळकऱ्याने बी-१२ चा हिशेब ठेवावा, एवढंच म्हणणं आहे.

खाणं ठीक असूनही कमतरता येऊ शकते, कारण हे जीवनसत्त्व शोषलं जाण्यासाठी जठरातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घ्यायची सवय लागली असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर मांसाहारी माणसानेही तपासून घ्यावं. आई शाकाहारी होती आणि आठ वर्षं मेटफॉर्मिनवर होती. दोन्ही वाटा बंद.

लक्षणं सांगायची तर थकवा हे सगळ्यात फसवं, कारण तो कशानेही येतो. यांकडे जास्त लक्ष द्या: तळपायाला मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, तोंड वारंवार येणं, विसराळूपणा, उगाच चिडचिड. आपल्याकडे आणखी एक खूण दिसते. हाताच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते. लोक ती उन्हाने समजतात आणि क्रीम मागायला येतात.

आधी रक्त, मग गोळी

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गोळी किंवा इंजेक्शन सुरू केल्यावर तपासणी केली तर आकडा वर गेलेला दिसतो, आणि मुळात कमी होतं की नव्हतं हे कधीच कळत नाही. इंजेक्शन घेतल्यावर तर आठवडेच्या आठवडे रिपोर्ट फुगलेला येतो. आठवडाभर थांबायला काही हरकत नसते. हातपाय बधिर असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी रक्त देऊन डॉक्टरकडे जा.

लॅबमध्ये ‘सीरम व्हिटॅमिन बी-१२’ असं सांगायचं. त्यासोबत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या. थकवा हीच मुख्य तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) आणि साखरेची तपासणी त्याच रक्तात करून घेतलेली बरी, पुन्हा सुई टोचायला नको.

रिपोर्टमध्ये दोन प्रकारची एककं येतात, तिथे गोंधळ होतो. बऱ्याच ठिकाणी पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. त्यात २०० च्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथे १५० म्हणजे पहिल्या मापातले साधारण २००. आकडा बघण्याआधी शेजारचं एकक बघा. काठावरच्या माणसाला डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी सांगू शकतात. पेशींना बी-१२ खरंच कमी पडतंय का, हे त्यातून उलगडतं.

सीबीसीमध्ये ‘एमसीव्ही’ नावाची ओळ असते, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात आणि हा आकडा १०० च्या वर जातो. पण आपल्या बायकांमध्ये लोहही कमी असतं, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात. दोन्ही कमतरता एकत्र असल्या की मोठं आणि लहान मिळून आकडा अगदी ‘नॉर्मल’ येतो. “सीबीसी चांगलं आहे, म्हणजे बी-१२ चांगलंच असणार” असं म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही नसा खराब होत असू शकतात.

कोणती गोळी

इथेच बहुतेक जण चुकतात, आणि माझी स्वतःची चूकही इथलीच.

स्ट्रिप उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलेलं असतं. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. बी-१२ ‘सायनोकोबालामिन’ किंवा ‘मिथाइलकोबालामिन’ या नावाने लिहिलेलं असेल. त्यापुढचा आकडा वाचा, आणि एमसीजी (मायक्रोग्रॅम) आहे की एमजी (मिलिग्रॅम) तेही बघा. खूप खपणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या कित्येक कॅप्सूलमध्ये तिथे १५ एमसीजी असतं. नुसत्या बी-१२ च्या गोळीत १००० किंवा १५०० असतं. म्हणजे साधारण पासष्ट ते शंभर पट फरक! आई दोन वर्षं रोज ती १५ वाली घेत होती. साधा शाकाहारी माणूस, जठर ठणठणीत, त्याला १५ कदाचित पुरेल. ज्याचा साठा संपला आहे आणि शोषणही मंद आहे त्याला ते पुरत नाही.

याचं कारण शोषणात आहे. जठरातलं ते खास प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत नेऊ शकतं. उरलेल्यातला जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतो. म्हणून १००० ची गोळी घेतली की जठराची मदत नसली तरी दहाएक मायक्रोग्रॅम रक्तात पोचतं, आणि तेवढं पुष्कळ झालं. आकडा ऐकून घाबरू नका. बी-१२ चं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. काहींना तोंडावर पुटकुळ्या येतात, त्यापलीकडे सहसा त्रास नसतो.

सायनो घ्यावं की मिथाइल? दोन्ही चालतात. मिथाइल आपल्याकडे जास्त खपतं, सायनो टिकायला पक्कं आणि बहुधा स्वस्त. जिभेखाली ठेवायच्या गोळीने जास्त फायदा होतो असं काही नाही. गिळली तरी तेवढंच काम होतं.

शाकाहारी लोक हमखास विचारतात, “हे कशापासून करतात?” बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात, प्राण्यांपासून नाही. कॅप्सूलचं टरफल मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. माळकरी आणि जैन गिऱ्हाइकांना मी साधी गोळी देतो, म्हणजे मनात किंतु राहत नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. शेजारणीला “नसांची गोळी” चालू असते, तिची रिकामी स्ट्रिप घेऊन लोक येतात. मिथाइलकोबालामिनसोबत प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन घातलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात. ती दुखण्यावरची औषधं आहेत. त्यांनी झोप येते, चक्कर येते, आणि ती एकदम बंदही करता येत नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका. मी देत नाही, आणि लोक रागावून पुढच्या दुकानात जातात.

घ्यायची कशी

रिपोर्टमध्ये कमतरता निघाली तर मात्रा डॉक्टर ठरवतील. तोंडाने घ्यायची असेल तर साधारणपणे रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅम, काही महिने. नसांची लक्षणं असतील, आकडा फारच खाली असेल किंवा शोषणाचाच प्रश्न असेल तर इंजेक्शन देतात. आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आईला इंजेक्शनच दिली. पण प्रत्येक थकलेल्या माणसाने “सुई द्या डॉक्टर” म्हणून आग्रह धरण्याची गरज नाही. बहुतेकांना गोळी पुरते.

कमतरता नाही, पण खाणं शाकाहारी आणि दूध कमी, तर ती येऊ नये म्हणून रोज दहाएक मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम पुरे. आठवड्याची गोळी लक्षात राहायला सोपी जाते.

वेळेचं फार अवडंबर नको. बी-१२ उपाशीपोटी घ्या, जेवून घ्या, फरक नगण्य. बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर नाश्त्यानंतर घ्या, नाहीतर काहींना मळमळतं. आणि हो, कॉम्प्लेक्स सुरू केल्यावर लघवी गर्द पिवळी होते. दर महिन्याला एक तरी जण कावीळ झाली म्हणून घाबरून येतो. तो रायबोफ्लेविनचा रंग आहे.

फॉलिक आम्ल: एकटं देऊ नका

फॉलिक आम्लाची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चालायचं. यीस्टच्या अर्काने तो पंडुरोग बरा होतो हे त्यांनी दाखवलं. पुढे त्यातलं द्रव्य ओळखलं गेलं आणि पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं, तेच फॉलिक आम्ल.

ते फार मोलाचं आहे. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लोहासोबत मिळणारी ती लाल गोळी अजिबात चुकवू नका. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल घेत राहिलं तर रक्त सुधारतं, चेहरा टवटवीत दिसतो आणि आत नसांची झीज चालूच राहते. दुखणं झाकलं जातं. पुण्याच्याच संशोधनात २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या ज्या आयांचं गरोदरपणात फॉलेट (रक्तातलं फॉलिक आम्ल) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त आढळली. म्हणून शाकाहारी गरोदर बाईने लाल गोळी घ्यायचीच आणि बी-१२ चीही तपासणी करून घ्यायची. आईचं बी-१२ फार कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. मान धरणारं बाळ मान टाकायला लागलं, हसायचं थांबलं, हात थरथरायला लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

जपून घ्यायचे दोन भाऊ

बी-१२ जास्त झालं तर चालतं, म्हणून सगळेच ‘बी’ तसे असतात असं धरू नका. बी-६ महिनोन्महिने १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं आणि हातपाय बधिर होतात. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच पदरात. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर प्रत्येकीतलं बी-६ मोजा. दुसरं बायोटिन. केसांच्या गोळ्यांत ते हजारो मायक्रोग्रॅम असतं, आणि त्याने थायरॉइडचे, इतकंच काय हृदयविकाराच्या एका रक्ततपासणीचेही रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

किती दिवसांत बरं वाटेल

खरी कमतरता असेल तर भूक आणि हुशारी आठवड्या-दोन आठवड्यांत जाणवायला लागते. हिमोग्लोबिन भरून यायला साधारण दोन महिने लागतात. नसांना वेळ लागतो, तीन ते सहा महिने, कधी वर्षभर. सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्या वाटू शकतात, त्याला घाबरून औषध सोडू नका. आणि जितका उशीर, तितकं मागे राहण्याची भीती. आईचा तोल चार महिन्यांत परत आला, भिंतीचा हात सुटला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून बधिरच आहेत.

महिना-दीड महिना नीट घेऊनही थकवा तसूभर हलला नाही, तर मात्रा वाढवत बसू नका. कारण दुसरं आहे, डॉक्टरकडे जा. चालताना पाय लटपटणं, लघवीवरचा ताबा जाणं, दम लागणं, अचानक गोंधळल्यासारखं वागणं यांपैकी काही असेल तर तेव्हाही गोळीवर विसंबू नका.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. आकडा चांगला आला की बरेच जण तिथेच थांबतात, आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा काउंटरवर येऊन उभे राहतात. खाणं तेच, मेटफॉर्मिन तेच, मग साठा पुन्हा संपणारच. अशांना कमी मात्रेत का होईना, गोळी कायम ठेवावी लागते. आईची गोळी आता देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी असते. दिवा लावला की ती गोळी घेते. आषाढी झाली की रक्त द्यायला मी तिला घेऊन जातो. गेल्या खेपेला ४१२ आलं.